बेडकीचा पाला आणि गोडाची हांव

बेडकीची, म्हणजेच गुडमाराची, वेल कोंकणांत व सह्याद्रीच्या रानांत आपोआप वाढते. तिचीं पानें चावून वर साखर खाल्ली असतां ती वाळूसारखी बेचव लागते. पानांतील जिम्नेमिक आम्ल जिभेची गोडी ओळखण्याची शक्ति अर्धा-पाऊण तास झांकून टाकतें. तेवढा वेळ हांव आंवरते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तेवढ्यावरून पाल्यानें चरबी झडते असें सांगून तो विकणें ही गिऱ्हाइकाची फसवणूकच होय. असल्या जाहिरातींस भुलून जे शेतकरी बंधू बांधावर ही वेल लावूं पाहतात, त्यांनीं आधीं खरेदीदार ठरवावा. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यास वैद्याच्या सल्ल्यावांचून पाला देऊं नये; रक्तांतील साखर फाजील उतरण्याचें भय असतें. रानांतील वेल तर मुळासकट मुळींच उपटूं नये, पानेंच खुडावीं.