कॅन्सरची गोळी आणि कलम ३(ड)

वर्धा जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये कॅन्सरचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात: पैसा आणि नशीब. नशिबाचे काय करायचे ते बाबासाहेबांनी शिकवून ठेवले आहे. आम्ही पैशाबद्दल बोलतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर. यात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्यातून तयार झालेले बिघडलेले प्रथिन पेशींना सतत वाढायला लावते. इमॅटिनिबचा रेणू लहान असल्याने पेशीत शिरतो आणि त्या प्रथिनाची ऊर्जा घेण्याची जागाच अडवतो. रोज घरी घ्यायची गोळी! सेवाग्रामला किंवा नागपूरला वारंवार भरती होऊन मजुरी बुडवायची नाही. निंदणाला जाणाऱ्या बाईसाठी ही केवढी गोष्ट आहे!

पण नोव्हार्टिसच्या ग्लिवेकला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. नोव्हार्टिसने औषधाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर बोट ठेवून कंपनीचे अपील फेटाळले. जुन्या औषधाचे नवे रूप जास्त गुणकारी नसेल, तर तो नवा शोध नव्हे.

कंपनी म्हणत होती, आम्ही हजारो रुग्णांना गोळी फुकटच देतो. देत होतीही. पण फुकट देणारा उद्या हात आखडू शकतो, आणि कोणाला द्यायचे हेही तोच ठरवतो. १९२७ ला महाडला आपण कोणाच्या दारात पाणी मागायला गेलो नव्हतो. तळे सार्वजनिक होते.

याच कायद्याचे कलम २५(१) सांगते की पेटंट मिळण्याआधी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी त्या हरकतीला फी लावली आणि ती ऐकायची की नाही हे आधीच ठरवण्याचा अधिकार कंट्रोलरला दिला. आरक्षणाला धक्का लागला की आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवे; यावर मात्र आपल्या संघटनांचे साधे पत्रकही आमच्या पाहण्यात आले नाही.

वर्धा-नागपुरात वकिली आणि फार्मसी शिकलेली आपली पोरे कमी नाहीत. १४ एप्रिलच्या डीजेची वर्गणी एका वर्षी या कामाला वळवा. पहिली हरकत कोणत्या औषधावर घ्यायची, ते बसून ठरवू.