हरल्यानंतरची दहा मिनिटं

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळच्या ओपीडीत वीस वर्षांचा एक मुलगा वडिलांसोबत आला. उजवा हात सुजून टम्म, मधलं बोट सरळ होत नव्हतं, अंगात ताप. "कसं लागलं?" विचारलं तर म्हणाला, "दारात बोट अडकलं, सर."

मुठीवर, मधल्या बोटाच्या उंचवट्यावर, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची जखम होती. कडा काळपट, आतून पू. दारात अडकून अशी जखम होत नाही. ती दाताने होते, आणि तोही दुसऱ्याच्या. वडिलांना मी बाहेर थांबायला सांगितलं. मग दोन मिनिटांत खरं काय ते कळलं. दोन दिवसांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा सामना त्यांचा संघ एका गोलने हरला होता. सामना संपला, हात मिळवून झाले, आणि गाड्या लावल्या होत्या तिथे समोरच्या संघातला एकजण हसला म्हणून याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा पुढचा दात तुटला. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही जखम दिसायला किरकोळ असते, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगतो. मूठ आवळलेली असताना दात कातडीतून थेट सांध्यापर्यंत जातो. मूठ उघडली की वरची कातडी आणि खालचा स्नायूबंध आपापल्या जागी सरकतात, भोक झाकलं जातं आणि तोंडातले जंतू सांध्यात कोंडले जातात. माणसाच्या लाळेत जंतू काही कमी नसतात. त्यामुळे मारामारीत मुठीवर झालेली जखम घरी हळद लावून बांधू नका आणि कुणाकडून टाके घालून बंदही करून घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि खरं कारण सांगा. या मुलाला मी त्याच रात्री सर्जनकडे पाठवलं. सांधा उघडून धुवावा लागला.

पुढच्या वेळी आला तेव्हा मी विचारलं, कॉलेजने काय केलं? काहीच नाही. दोघांना एकमेकांच्या गळ्यात पडायला लावलं, "खेळात असं होतंच" म्हणाले, आणि विषय संपला. पुढच्या आठवड्यात याची विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होती, हे त्याने आपणहून सांगितलं. त्याच कॉलेजात दोन वर्षांपूर्वी अशाच भांडणात दुसऱ्या एका मुलाला संघातून कायमचं काढलं होतं. तो राखीव खेळाडू होता. त्याने नंतर कॉलेजच सोडलं.

माझी तक्रार इथेच आहे. आपण हाणामारी करणाऱ्या खेळाडूला एकतर पाठीशी घालतो, नाहीतर पार संपवतो. मधलं काही आपल्याला सुचत नाही.

तुम्हाला 2 फेब्रुवारी 2025 चा दिवस आठवत असेल. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला विजयी ठरवलं. शिवराज राक्षेचं म्हणणं होतं की माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्याच रात्री अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही शेवटचे काही क्षण बाकी असताना मैदान सोडून गेला आणि पंचांशी वाद झाला. दोघांना तीन-तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं. राक्षे नांदेडकडून खेळणारा, दोनदा किताब जिंकलेला. त्यामुळे आमच्या परभणीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. माझ्या वेटिंग रूममध्येसुद्धा दोन तट पडले होते. पुढे त्या निर्णयाची चौकशी झाली आणि पंचावरही कारवाई झाली. म्हणजे पैलवानाचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. पण लाथ मारली त्या क्षणी चर्चा खांद्यांवरून पायावर गेली, आणि ती त्यानेच नेली.

अशाच प्रकारांना इतरत्र काय शिक्षा झाल्या बघा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या आन्हेल मातोसने तायक्वांदोच्या पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याला आजन्म बंदी, आणि त्याच्या प्रशिक्षकालाही. 2022 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत सतेंदर मलिकने पंचावर हात उचलला. त्यालाही आजन्म बंदी. 2006 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने माटेराझीच्या छातीवर डोकं आपटलं. त्याला तीन सामन्यांची बंदी आणि दंड. डिवचणाऱ्या माटेराझीलाही दोन सामने आणि दंड. झिदान निवृत्त झालेला असल्यामुळे बंदीच्या बदल्यात त्याने तीन दिवस मुलांसोबत समाजकार्य केलं. पंचाला मारणं आणि खेळाडूला मारणं एकच नव्हे, हे मान्य. पंच सुरक्षित नसेल तर खेळच उरत नाही. तरी कॉलेजच्या पोरांसाठी मला यातला शेवटचा निवाडा जास्त शहाणपणाचा वाटतो. दोन्ही बाजू पाहिल्या, माप ठरवलं, आणि काहीतरी करायला लावलं.

आता डॉक्टर म्हणून थोडं. चुरशीच्या सामन्यात शरीरात ॲड्रेनालिनचा पूर येतो. नाडी दीडशेच्या वर, स्नायू ताणलेले, लक्ष एकाच गोष्टीवर. शिट्टी वाजली की सामना संपतो, शरीर मात्र लगेच थांबत नाही. छाती धडधडत असते, हात थरथरत असतात, आणि मेंदू त्या धडधडीला कारण शोधत असतो. अशा वेळी कुणी हसलं, की कारण मिळालं. त्यात वीस वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आवेग आवरणारा ब्रेक, अजून पूर्ण पक्का झालेला नसतो. ते काम पंचविशीपर्यंत चालतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग पोराचा काय दोष? दोष आहे. तोच मुलगा त्याच दहा मिनिटांत बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांवर हात उचलत नाही. स्वतःच्या वडिलांवरही नाही. म्हणजे ब्रेक लागतो. कुठे लावायचा आणि कुठे सोडला तरी चालतो, हे त्याला आपण शिकवलेलं असतं.

म्हणून शिक्षा हवीच. ती लांबलचक असण्यापेक्षा नक्की असायला हवी आणि लगेच व्हायला हवी. हंगाम सुरू होण्याआधी कागदावर लिहा: हात उचलला तर पुढचे इतके सामने बाहेर, आधी डिवचलं असेल तर डिवचणाराही बाहेर. खेळाडू आणि पालक दोघांच्या सह्या घ्या. मग तो स्ट्रायकर असो की राखीव, संस्थाचालकांचा भाचा असो की ऊसतोड कामगाराचा पोरगा, माप एकच. सामने बंद करा, पण सराव बंद करू नका. ज्या मुलाला राग आवरत नाही त्याला मैदान आणि सर, या दोन गोष्टींची जास्त गरज असते. दोन्ही काढून घेतल्यावर तो संध्याकाळी कुठे बसणार, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. आणि ज्याचा दात तोडला त्याच्यासोबत दंतवैद्याकडे पाठवा. रूट कॅनालच्या खुर्चीशेजारी तासभर बसू द्या. गळाभेटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

ती दहा मिनिटंही सांभाळता येतात. सामना संपला की दोन्ही संघ वेगवेगळ्या टोकांना, पाणी प्या, थोडं चाला. पंचाशी फक्त कर्णधार बोलेल, तेही दहा मिनिटांनी आणि तक्रार लेखी. याला एक पैसा लागत नाही.

शिक्षेसोबत तपासणीही व्हावी, हे माझं जुनं म्हणणं आहे. शांत मुलगा अचानक भडकू लागला तर काही गोष्टी विचारायला हव्यात. अलीकडे डोक्याला मार बसला होता का? मेंदूला धक्का बसल्यावर काही आठवडे चिडचिड राहू शकते. वजन गटासाठी उपाशी, तहानलेला राहिला होता का? दारू? आणि जिममध्ये कुणी इंजेक्शन देतं का? स्नायू वाढवायचे स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये राग वाढलेला मी पाहिला आहे. मेफेंटरमाइन हे भूल देताना उतरलेला रक्तदाब सावरायला वापरायचं औषध, तेही दम वाढतो म्हणून पोरं टोचून घेतात. त्याने छातीत धडधड, बेचैनी, संशयीपणा येतो आणि जिवावरही बेतू शकतं. हे सापडलं म्हणून शिक्षा माफ होत नाही. पण नुसत्या शिक्षेने ते बरंही होत नाही.

मार खाणाऱ्याच्या घरच्यांनी एक लक्षात ठेवावं. डोक्याला लागलं असेल तर "आता बरा आहे" यावर जाऊ नका. कवटीच्या आत रक्त साचत असताना माणूस काही तास नीट बोलतो, चालतो, आणि मग ढासळतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मोठ्या दवाखान्यात न्या. झोपू द्या, सकाळी बघू, असं करू नका.

वडिलांशी मी शेवटी बोललो. दात तुटणं किंवा हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत धरली जाते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. तिथे चारित्र्य पडताळणी असते, हे मात्र पक्कं माहीत होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं होतं, "मारून आला ना, मार खाऊन तर नाही" असं काहीतरी म्हणतील. बरेच वडील म्हणतात, तेही पोरासमोर. यांनी विचारलं, "त्या पोराचा दात बसवायला किती लागतील, डॉक्टरसाहेब?"

दुसऱ्या बाजूने तक्रार दिली नाही. दाताचे पैसे यांनी भरले, आणि मुलगा स्वतः दोनदा त्याच्यासोबत गेला. निवड चाचणी हुकली. बोट अजून पूर्ण मिटत नाही, फिजिओथेरपी चालू आहे. भरतीत सव्वासात किलोचा गोळा फेकायचा असतो. तो सध्या डाव्या हाताने सराव करतोय.