फुटलेल्या सौर पॅनेलची जबाबदारी

भारतात बसवल्या जाणाऱ्या बहुतांश सौर पॅनेलांत स्फटिकी सिलिकॉनचे सेल असतात. पॅनेलच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काचेचा असतो आणि सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर कथिल व शिसे यांच्या मिश्रणाचा, म्हणजे डाखाचा, पातळ थर असतो. हे शिसे एका पॅनेलमागे काही ग्रॅमच भरते आणि काच व ईव्हीए नावाचे पारदर्शक प्लास्टिक यांच्यामध्ये ते कोंडलेले राहते, त्यामुळे छतावरच्या धडधाकट पॅनेलपासून विषबाधेची भीती नाही, असे ग्राहकाला निःशंकपणे सांगता येते.

धोका निर्माण होतो तो पॅनेल फुटल्यावर, आणि त्याहून अधिक ते भंगारात गेल्यावर. भंगार व्यवसायाला ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची वायर हवी असते. ती निघाली की उरलेला काच-प्लास्टिकचा थर कचरा डेपोवर टाकला जातो किंवा जाळला जातो. कुजत्या कचऱ्यातून झिरपणारे आम्लधर्मी पाणी चुरा झालेल्या पॅनेलातील शिसे विरघळवू शकते. अमेरिकेतील टीसीएलपी चाचणी याच स्थितीची नक्कल करते: बारीक केलेला नमुना सौम्य ॲसिटिक आम्लात सुमारे 18 तास घुसळतात, आणि लिटरमागे 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे उतरल्यास तो घातक कचरा ठरतो. जाळण्याचा मार्ग तर अधिक वाईट, कारण अनेक पॅनेलांच्या पाठीला फ्लोरिनयुक्त प्लास्टिक असते आणि ते जळताना फुप्फुसांना इजा करणारा हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांनी 2034-35 पर्यंतचा पॅनेल-कचरा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांप्रमाणे साठवायचा आहे. तरतूद स्वागतार्ह असली तरी फुटलेले पॅनेल उत्पादकापर्यंत पोहोचेल, हे तिने गृहीत धरले आहे. महाराष्ट्रात सौर कृषिपंप शिवारोशिवारी विखुरलेले आहेत. तेथे गारपिटीने तडकलेले पॅनेल कारखान्याकडे पाठवण्याचा खर्च शेतकऱ्याने सोसावा, ही अपेक्षा अन्याय्य आहे. हा खर्च उत्पादकानेच उचलला पाहिजे आणि ते विक्रीच्या करारातच लिहिलेले असले पाहिजे.

तोपर्यंत ही साखळी जोडणे बसवणाऱ्यांच्याच हाती आहे. नवे पॅनेल बसवताना जुने सोबत आणावे. फुटलेले पॅनेलही उजेडात वीज निर्माण करते, म्हणून ते अपारदर्शक कापडाने झाकून, हातमोजे घालूनच हाताळावे. छताखाली कोरड्या जागी ठेवून त्याचा अनुक्रमांक नोंदवावा आणि उत्पादकाकडे लेखी मागणी करून ते परत द्यावे. भंगारवाल्याला मात्र ते कोणत्याही भावाने विकू नये.