मागे राहिलेले घर

मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यातल्या कुचवाडा या खेड्यात ११ डिसेंबर १९३१ रोजी एका तारणपंथी दिगंबर जैन घराण्यात चंद्रमोहन नावाचा मुलगा जन्मला. वडील बाबूलाल कापडाचे व्यापारी; अकरा भावंडांत हा थोरला. पुढे तोच आचार्य रजनीश, मग भगवान आणि शेवटी ओशो झाला. त्यांच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु व्यापारी जैन कुटुंबाच्या नजरेने ही कथा क्वचितच वाचली जाते. वास्तविक तिचा आरंभ समाजाच्याच बैठकीत झाला. १९७१ च्या पर्युषणात मुंबईच्या पाटकर हॉलमध्ये त्यांनी महावीरवाणीवर प्रवचने दिली. दीर्घकाळ त्यांच्या सचिव राहिलेल्या मा योग लक्ष्मी या मुंबईच्या एका जैन उद्योजकाच्या कन्या. ज्या घरांत हिशेबाची वही दोनदा तपासल्याशिवाय मिटली जात नाही, त्या घरांतली माणसे ही. श्रद्धेच्या बाबतीत ती तपासणी कोठे थांबते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

२१ मार्च १९७४ रोजी रजनीश पुण्यास आले आणि कोरेगाव पार्कात आश्रम उभा राहिला. येणाऱ्यास नवे नाव, भगवी वस्त्रे आणि गुरूचे चित्र असलेली माळ मिळे. खुद्द गुरूच्या आईवडिलांनीही पुत्राकडून संन्यास घेतला आणि बाबूलालजींचे १९७९ मध्ये निधनही पुण्यातच झाले. बापाने मुलापुढे मस्तक ठेवावे, हे दृश्य कोणास उदात्त वाटेल, कोणास विचित्र. एवढे मात्र खरे की, घरातली वडीलधारी जागा त्या क्षणी रिकामी होते आणि 'बाळा, जरा थांब' असे म्हणणारा कोणी उरत नाही.

मुलांची गोष्ट याहून कठीण आहे. या पंथात अपत्यप्राप्तीला उत्तेजन नव्हते. जी मुले आईबापांबरोबर आली, ती बहुधा सामूहिक निवासात वाढली. आई एका इमारतीत कामाला, मूल दुसरीकडे झोपलेले. पुण्यात, इंग्लंडमधील सफोक परगण्याच्या आश्रमात आणि अमेरिकेत असे बालपण काढलेल्या टिम गेस्ट या इंग्रज लेखकाने २००४ मध्ये 'माय लाइफ इन ऑरेंज' हे आत्मकथन लिहिले. त्यात गुरूवरील संतापापेक्षा आईची वाट पाहणारा मुलगाच अधिक दिसतो. २०२४ मध्ये आलेल्या 'चिल्ड्रेन ऑफ द कल्ट' या माहितीपटात तर तेव्हाच्या मुलींनी, प्रौढ वयात, अल्पवयात झालेल्या लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप उघडपणे मांडले. जवळपास चाळीस वर्षांनी! इतकी वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही, कारण ज्यांनी ऐकायचे ते आईबापच त्या काळी 'मुक्त' होण्यात गुंतलेले होते.

ओरेगॉन राज्यातील सुमारे ६४ हजार एकरांच्या वसाहतीचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये जवळच्या द डॅल्स गावात उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळून ७५१ माणसांना आजारी पाडण्यात आले. पुढल्या वर्षी सचिव शीला पळाल्या, रजनीशांना अटक झाली, चार लाख डॉलर दंड होऊन त्यांना देश सोडावा लागला. ९३ रोल्स रॉइस गाड्यांची चर्चा जगभर झाली. त्या गाड्यांपायी कोणकोणत्या घरांतील ठेवी मोडल्या गेल्या, याची यादी कोणी केलेली नाही.

आपल्याकडे या कथेचा ओळखीचा चेहरा म्हणजे अभिनेते विनोद खन्ना. कीर्तीच्या शिखरावर असताना १९८२ मध्ये ते ओरेगॉनला गेले आणि तेथे माळीकाम करू लागले. मागे पत्नी आणि दोन मुलगे. धाकटा अक्षय अवघा सात वर्षांचा. १९८५ मध्ये घटस्फोट झाला. १९८७ मध्ये ते चित्रसृष्टीत परतले आणि प्रेक्षकांनी त्यांना पुन्हा स्वीकारले. घराचे तसे नसते. तेथे परतणाऱ्याची जागा राखून ठेवलेली नसते. ती दुसऱ्या कोणीतरी, बहुधा एकट्या आईने, भरून काढलेली असते.

हे सारे पुण्या-मुंबईचे आणि परदेशचे, नांदेड-लातूरशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. रजनीशांच्या हिंदी प्रवचनांच्या ध्वनिफिती मराठवाड्यातही ऐकल्या गेल्या हे एक. दुसरे असे की, गंजगोलाईतील आडत दुकानात किंवा वजिराबादेतील कापडाच्या पेढीवर धाकटा भाऊ जेव्हा दुपारचा गल्ला सोडून एखाद्या 'सत्संगा'स जाऊ लागतो, तेव्हा आरंभ तसाच असतो. प्रथम वेळ जातो, मग पैसा, मग जुनी नाती 'अडथळा' ठरतात. घरचे दोन टोकांना जातात: एक तर थट्टा, नाहीतर धमकी. दोन्हींचा लाभ त्या सत्संगालाच होतो, कारण घर शत्रू आहे हे त्याला आयते पटवून देता येते.

वास्तविक जैन परंपरेजवळ याची कसोटी फार जुनी आहे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त तीन मूढता सांगितल्या. त्यांतील तिसरी पाखंडिमूढता: जे परिग्रह, आरंभ आणि हिंसा यांत गुंतलेले आहेत अशा साधूंचा आदर करणे. म्हणजे गुरूची वाणी किती मधुर हे नव्हे, तर त्याच्याजवळ काय काय जमले आहे हे पाहावे. दीक्षेपूर्वी आईवडिलांची व कुटुंबाची अनुमती घेण्याची रीतही याच विवेकातून आलेली आहे. दीक्षार्थी घराकडे पाठ फिरवून पळत नाही, घराची क्षमा मागून निघतो. अर्थात समाजाने फार ऐटीत राहू नये. बालदीक्षेचा वाद आपलाच आहे आणि त्यावर १९३३ मध्ये कायदा करावा लागला तो बडोदे संस्थानच्या सयाजीरावांना. लातूरलाही एकेकाळी भट्टारकांची गादी होती. अशा गाद्यांजवळ मालमत्ता साठू लागली तेव्हा त्यांना जाब विचारणारे श्रावकही जैन समाजातच निघाले.

व्यवहाराची बाजूही स्पष्ट असावी. हिंदू वारसा कायदा १९५६ जैनांना लागू आहे. अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीतील आपला न वाटलेला हिस्सा एकट्या सहदायकाला इतरांच्या संमतीवाचून दान करता येत नाही; कर्त्यालाही धर्मकार्यासाठी वडिलोपार्जित स्थावरातील वाजवी भागच देता येतो. पेढीचे खाते, जामीनकी, कुलमुखत्यारपत्र यांवर कोणाच्या सह्या आहेत, हे त्या दिवसांत शांतपणे पाहून ठेवावे. याने जाणाऱ्यावर अविश्वास दाखवला असे होत नाही. उलट, उद्या तो रिकाम्या हाताने परतला तर त्याला बसायला दुकान शिल्लक राहते.

मुलांना घरापासून दूर नेणे सदैव वाईटच, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादच्या भूकंपग्रस्त गावांतली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली; पुढे वाघोलीत त्यांच्यासाठी शैक्षणिक संकुल उभे राहिले. पुण्यास रजनीशांचा आश्रम आणि वाघोलीचे हे संकुल एकमेकांपासून फार लांब नाहीत. परंतु वाघोलीस गेलेल्या मुलाच्या हातात पाटी-पुस्तक होते, नाव त्याचे त्याचेच होते आणि किल्लारीच्या बाजूला कोणी आजी-काका उरला असेल, तर त्याच्याकडे जाण्याची वाट खुली होती.