जुई अशुद्ध कशी?

परवा बेळगावात नातीच्या बारशाला मी पाटीवर 'जुई' लिहिलं, तर मंदिरातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, हे अपभ्रष्ट. शुद्ध 'यूथिका' ठेव की!"

का म्हणून? यूथ म्हणजे समूह. घोसाने फुलते ती यूथिका. प्राकृतात तीच 'जूहिआ' झाली, मराठीत 'जुई'. शेवटची ई दीर्घ, म्हणून आधीचा उकार ऱ्हस्व. 'जूई' लिहिलं तर चूक, 'जुई' नव्हे.

आणि बायांनो, आपले आगम कोणत्या भाषेत आहेत? प्राकृतातच ना! रोज णमोकार म्हणताना 'णमो'चं 'नमः' कुणी करत नाही. मग लेकीच्या नावालाच संस्कृतचं सोवळं कशाला?

आमची जुई जुईच राहणार.