‘माणसाळणे’ नेमके कोणाचे?

मराठीत ‘माणसाळणे’ असे एक अर्थपूर्ण क्रियापद आहे. प्राणी माणसाला सरावतो, त्याची भीती सोडतो, हे सारे त्यात येते. पण या क्रियेचा कर्ता नेहमी प्राणीच असतो. माणसाने काय करायचे, याविषयी हा शब्द मौन पाळतो. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरून वाचवलेले, सुमारे दोन महिन्यांचे मांजराचे पिल्लू आमच्या घरी आले, तेव्हा हे मौन प्रथम जाणवले.

पहिल्या दिवशी प्रेमापोटी करता येतील तेवढ्या चुका आम्ही केल्या. पिल्लाला थेट दिवाणखान्यात सोडले, बशीत गाईचे दूध ठेवले, शेजारच्या मुलांना बोलावले. पिल्लू कपाटामागे जाऊन बसले. रात्री येऊन दूध प्यायले आणि त्याचे पोट बिघडले. आईचे दूध सुटल्यावर बऱ्याच मांजरांना दुधातील साखर पचत नाही, हे मनीमाऊच्या गोष्टींवर वाढलेल्या आम्हाला ठाऊकच नव्हते.

पशुवैद्यांच्या सल्ल्याने मग एक लहान खोली त्याला दिली. लपण्यासाठी पुठ्ठ्याचे आडवे खोके, त्यात जुनी सुती साडी; एका कोपऱ्यात अन्नपाणी, दूरच्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे; खिडकीला जाळी. आमचे काम एवढेच, की जमिनीवर बसून उत्तरपत्रिका तपासायच्या, रोखून पाहायचे नाही, उचलून घ्यायचे नाही. चौथ्या रात्री ते स्वतःहून गठ्ठ्यावर येऊन बसले.

अर्थात, धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. एवढे लहान पिल्लू दिवसभर काहीच खात नसेल, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

खरा प्रश्न वेगळाच आहे. ‘घरात रमत नाही’ म्हणून आठवड्याभरात पिल्लू परत करणारी माणसे असतात. वाचवलेल्या जिवाने कृतज्ञ असावे, ही आपली अपेक्षा! परंतु मांजर माणसाला सरावण्याचा सर्वांत अनुकूल काळ साधारणपणे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला. तो ज्याने रस्त्यावर काढला, त्याच्याकडे चार दिवसांत मांडीवर येण्याचा हट्ट धरणे अन्यायाचे आहे. कदाचित ते कधीच मांडीवर येणार नाही. तरीही ते घरचेच.

नात्सुमे सोसेकी यांच्या १९०५-०६ मधील प्रसिद्ध जपानी कादंबरीतले निवेदक मांजर असेच एका शिक्षकाच्या घरात शिरते. मोलकरीण त्याला पुन्हा पुन्हा बाहेर टाकते. अखेर मालक राहू देतो. त्याला शेवटपर्यंत नाव मिळत नाही, पण जागा मिळते, आणि त्या जागेवरून ते माणसांचे निरीक्षण करते. कपाटामागचे आमचे पिल्लूही तेच करीत असावे.

असो. मराठीत मांजर ‘पाळतात’, तसा दिलेला शब्दही ‘पाळतात’. पिल्लू घरी आणताना यांपैकी दुसरा अर्थ आधी आठवावा, एवढेच म्हणणे.