फुलपाखरू पाहिजे, तर अळी का नको?



या महिन्याच्या भित्तीपत्रकासाठी गुरुजींनी आम्हाला ‘माझे मत’ लिहायला सांगितले. माझे मत असे आहे की, अंगणात फुलपाखरे यावीत असे वाटत असेल, तर दिसली अळी की चिरड, हे आपण बंद केले पाहिजे. नुसती फुले लावून भागत नाही. माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून मी हे लिहायले.

मागच्या वर्षी मृगाचा पाऊस पडल्यावर आईने अंगणात झेंडू आणि सदाफुली लावली. न्हाणीचे पाणी जाते तिथे आधीपासून लिंबाचे एक रोप होते. शाळेत यायच्या आधी मी रोज तांब्याने पाणी घालायची. फुले आली आणि फुलपाखरेही आली. एक काळे-पिवळे फुलपाखरू रोज यायचे. मी त्याला ‘माझे’ म्हणायची.

मग एके दिवशी लिंबाच्या पानांवर अळ्या दिसल्या. काही हिरव्यागार, तर काही पाखराच्या शिटेसारख्या काळ्या-पांढऱ्या. पाने कुरतडून टाकलेली. मला लई राग आला. मी काडीने एकेक अळी खाली पाडली आणि दगडाने चिरडली. मोजल्या तर सतरा भरल्या. आजी ओट्यावर ज्वारी निवडीत बसली होती. ती म्हणाली, “कामून मारायलीस गं? तुझ्या ताटातलं खायलीय का ती?” मी म्हणले, “आपलं लिंबू खायलीय की!” संध्याकाळी बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, “शाबास.”

यंदा पुन्हा तशीच एक काळी-पांढरी अळी दिसली. या वेळी मी ती बरणीत घालून गुरुजींना दाखवायला आणली. गुरुजी म्हणाले, “मारू नकोस. झाकणाला भोके पाड. रोज लिंबाची ताजी पाने दे आणि काय होते ते वहीत लिही.”

मी वहीत लिहीत गेले. काही दिवसांत अळी कात टाकून हिरवी झाली. काडी लावली की डोक्यामागून दोन शिंगे बाहेर काढायची आणि घाण वास सोडायची. शत्रूला भिववायला ती असे करते. बाराव्या दिवशी तिने स्वतःला काडीला धाग्याने बांधून घेतले आणि तिचा कोश झाला. मग नऊ दिवस काहीच नाही. मला वाटले, मेली. दहाव्या दिवशी सकाळी बरणीत ओल्या पंखांचे फुलपाखरू बसले होते. काळे-पिवळे! माझेच!

मी आनंदाने ओरडले आणि मग एकदम गप्प झाले. कारण मला ते सतरा आठवले. मी सतरा अळ्या नाही, सतरा फुलपाखरे मारली होती.

आता माझे म्हणणे सांगते. फुलपाखराला दात नसतात. त्याला सोंड असते, तिने ते फुलातला मध पिते. पण अळीला मध चालत नाही. तिला पाने लागतात आणि तीही ठरावीक झाडाचीच. काळ्या-पिवळ्या फुलपाखराची अळी लिंबू, बेल, कढीपत्ता अशा झाडांची पाने खाते. तांबूस रंगाचे, काळ्या काठात पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू रुईवर अंडी घालते. पोपटी झाक असलेली पांढरी फुलपाखरे तरवड आणि तरोट्यावर घालतात. मादी पानावर बसते आणि पायाने चव घेऊन झाड ओळखते. आपले झाड सापडले, तरच अंडे घालते. म्हणून झेंडू म्हणजे फुलपाखराची खानावळ आहे आणि लिंबू म्हणजे त्याच्या लेकराचे घर. घर पाडून खानावळ चालेल का?

बाबा म्हणतात, “अळी ती अळीच. कापसाची बोंडं पोखरती तवा कळंल.” बाबांचे दुःख खरे आहे. बोंडअळीने कापूस जातो, हे मी आमच्या शेतात पाहिले आहे. पण बोंडअळी मोठी झाली की तिचा पतंग होतो, फुलपाखरू होत नाही. लिंबावरची अळी कापसाला तोंडही लावत नाही. आपल्या परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले. तिथे कीटकशास्त्र हा वेगळा विषय शिकवतात. कोणती अळी कोणत्या पिकाची, हे ओळखणे म्हणजे शास्त्र. दिसली की ठेचणे, हे काही शास्त्र नाही. ज्यांची लिंबा-मोसंबीची बाग आहे त्यांचे वेगळे, त्यांचे पोट त्यावर आहे. मी अंगणातल्या एका झाडाबद्दल बोलायले.

रोप लहान असेल तर अळ्या ते पार बोडके करतात, हेही खरे. आमच्या रोपावर यंदा जास्त झाल्या, तेव्हा मी त्या पानासकट उचलून विहिरीवरच्या मोठ्या लिंबावर ठेवल्या. सगळ्या जगल्या नाहीत. काही पाखरांनी नेल्या, काही मुंग्यांनी. पण पाखरांच्या पिलांनाही अळ्याच भरवतात, म्हणून ते मला वाईट वाटले नाही.

गुरुजींनी आम्हाला सांगितले की, २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य फुलपाखरू ठरवले. असे करणारे आपले राज्य देशात पहिले. ते मोठे, काळे आणि पंखांवर निळे असते. त्याला राणी पाकोळी म्हणतात. ते सह्याद्रीकडच्या दाट झाडीत राहते, मी फक्त चित्रात पाहिले आहे. पण ते आपल्या लिंबावरच्या फुलपाखराच्याच कुळातले आहे आणि त्याची अळीसुद्धा लिंबाच्या जातीची पाने खाते. म्हणजे चित्र भिंतीवर लावायचे आणि त्याच्या भावंडांना दगडाने ठेचायचे, हे मला पटत नाही.

ठाण्याजवळ ओवळे गावात राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या शेतजमिनीत फुलपाखरांची बाग केली आहे. ते आधी शाळेत खेळ शिकवीत. त्यांनी फुलांच्या झाडांबरोबर अळ्यांच्या खाण्याची झाडेही लावली. तिथे आता शंभराच्यावर जातींची फुलपाखरे येतात. आपल्याकडे पाऊस कमी, तेवढ्या येणार नाहीत. पण दहा तर येतील!

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या आवाराची सफाई होणार आहे. मागच्या कुंपणाजवळची रुई आणि तरवड तोडायची असे मी ऐकले. झुडपात साप-विंचू बसतात आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट, असे मोठी माणसे म्हणतात. त्यांचे बरोबर आहे. म्हणून बाकी सगळे साफ करावे, पण मागचा एक कोपरा ठेवावा आणि लहान वर्गाच्या मुलांना तिकडे जाऊ देऊ नये. शनिवारी मारुतीला आपण रुईच्या पानांचा हार घालतोच ना? मग त्याच रुईला वर्षभर दोन हात जागा द्यायला काय हरकत आहे?

घरी करायच्या गोष्टी सोप्या आहेत. उन्हाच्या जागी एकेरी पाकळ्यांचा झेंडू आणि सदाफुली लावा. जखमेवर जिचा पाला चोळतात ती एकदांडी उपटू नका, तिच्या फुलांवर बारकी फुलपाखरे येतात. एक कढीपत्ता किंवा लिंबू लावा. शेतातले उरलेले औषध अंगणातल्या झाडांवर मारू नका. हापशाजवळची थोडी माती ओली राहू द्या, फुलपाखरे तिथे बसून मातीतले क्षार पितात.

उन्हाळ्यात शाळेच्या कोपऱ्याला पाणी घालायचे काम मी करीन. माझ्यावर सतरा फुलपाखरांचे देणे आहे. आतापर्यंत बरणीतून तीन उडाली. चौदा राहिली आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी